कोमट पाण्यातली हुडहुडी

अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या कुठल्याही डाइव्ह सेंटरवर सकाळी सातच्या सुमारास जाऊन उभं राहावं. काल कोण आलंय आणि इथं वर्षानुवर्षं कोण मुरलंय, हे नुसत्या कपड्यांवरून कळतं. काल आलेला पाहुणा पोहण्याच्या चड्डीवर लायक्राचा पातळ शर्ट चढवून तयार असतो. फार तर शॉर्टी, म्हणजे अर्ध्या बाह्यांचा आणि गुडघ्याच्या वरच संपणारा सूट. तीन-चार दिवस पाण्यात काढलेला माणूस अंगभर ३ मिलिमीटरच्या सुटात दिसतो. आणि या सगळ्यांना खाली नेणारा, उन्हानं रापलेला डाइव्ह मास्टर? तो ५ मिलिमीटरचा सूट आणि त्याच्या आत टोपी शिवलेलं बिनबाह्यांचं जाकीट अशा जामानिम्यात सिलिंडर मोजत असतो. पाणी सगळ्यांना एकच, २९ अंश सेल्सिअस.

एका सकाळी डुंगीत (तिथल्या लाकडी होड्यांना डुंगी म्हणतात) आमच्यातल्या एका पुणेकर गृहस्थांनी त्याला विचारलंच, "क्यों भाई, हिमालय जा रहे हो क्या?" त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "सर, तीसरे डाइव के बाद बात करते हैं." दुपारी तिसरी डाइव्ह झाली तेव्हा ते गृहस्थ टॉवेल गुंडाळून इंजिनाच्या पेटीला पाठ लावून बसले होते. बोलणं काही झालं नाही.

अंदमानचं पाणी गरम आहे, हे खोटं नाही. किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभं राहिलं तर ते कोमटच लागतं. पण किनाऱ्यावरचं पाणी आपण पायांनी पाच मिनिटं चाखतो, आणि डाइव्हमध्ये अख्खं शरीर पाऊण तास त्याच्या स्वाधीन करतो. अंगावर काही नसताना, हालचाल न करता माणसाला पाण्यात तासनतास सुखानं बसायचं असेल तर पाणी ३३ ते ३५ अंशांच्या घरात असावं लागतं. त्याच्या खालचं कुठलंही पाणी आपल्याकडून उष्णता घेतच राहतं, आणि हवेच्या मानानं सुमारे २५ पट वेगानं घेतं. २९ अंशांच्या खोलीत आपण पंखा लावतो. २९ अंशांच्या समुद्रात शरीर पहिल्या मिनिटापासून तोट्यात चाललेलं असतं. हा तोटा इतका बारीक असतो की पहिल्या डाइव्हला तो जाणवतही नाही. दुसऱ्या डाइव्हला शरीर आधीची तूट घेऊनच उतरतं. चौथ्या दिवशी सकाळी सूट घालतानाच अंगावर काटा येतो, आणि माणूस म्हणतो, आज पाणी जरा गार आहे वाटतं. पाणी होतं तेवढंच असतं.

मला स्वतःला थंडी फार लवकर वाजते. अंगानं बारीक, पन्नाशी उलटलेली, त्यात बाई. डाइव्ह सेंटरवरची पोरं मला बघताक्षणीच जाड सुटाच्या खुंटीकडे वळतात. तरीही सुटाची जाडी ही पाण्याच्या तापमानावरून ठरवायची गोष्ट आहे, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. डाइव्ह सेंटरच्या भिंतीवर तसा तक्ताही असतो: इतके अंश, तर इतके मिलिमीटर. तक्ता चुकीचा नाही. पण तुम्ही खाली जाऊन करणार काय, हे त्यात कुठंच विचारलेलं नसतं.

आणि सगळा फरक तिथंच पडतो. कासवामागं, माशांच्या थव्यामागं, प्रवाहाच्या अंगानं पोहत जाणाऱ्या माणसाचे पाय सतत चालू असतात. तो स्वतःची भट्टी स्वतः पेटती ठेवतो. एका जागी तरंगत राहणाऱ्याचं तसं नाही. मला आवडतात त्या न्यूडिब्रँक, म्हणजे कवच टाकून दिलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या रंगीत समुद्री गोगलगायी. डाइव्हर लोक त्यांना लाडानं 'न्यूडी' म्हणतात. त्या पाहायच्या तर खडकापासून हातभर अंतरावर श्वासानं खालीवर होत, फिन्स न हलवता दहा-दहा मिनिटं थांबावं लागतं. फोटो काढणाऱ्यांचंही तेच. आणि डाइव्ह मास्टरचं तर दिवसभराचं कामच थांबण्याचं: कुणाच्या मास्कमध्ये पाणी शिरलं, कुणाचा कान उघडत नाही, कुणाला बूड खाली आणि पाय वर अशी अवस्था आवरत नाही, त्या प्रत्येकासाठी तो पाण्यात उभाच असतो. जाड सुटाचं रहस्य हे एवढंच. तो आमच्याइतकं पोहत नाही.

पाण्याखाली थंडी वाजते तेव्हा ती थंडी म्हणून येत नाही, हे मला सगळ्यात चमत्कारिक वाटतं. दात वाजणं, अंग थरथरणं हे फार उशिराचं. त्याच्या पुष्कळ आधी काहीतरी वेगळंच सुरू होतं. हात नकळत छातीशी येतात, बोटं काखेत शिरतात. श्वास थोडा उथळ आणि भराभर होतो, सिलिंडरचा काटा रोजच्यापेक्षा लवकर खाली येऊ लागतो. आणि मन आक्रसतं. खडकाच्या फटीत काय आहे ते वाकून बघावंसं वाटत नाही. गाइडनं टाळी वाजवून कुठं तरी बोट दाखवलं तर आपण नुसती मान डोलावतो, जाऊन बघत नाही. मनगटावरच्या कॉम्प्युटरकडे नजर वरचेवर जाते. किती मिनिटं झाली, किती राहिली. आपण कंटाळलो आहोत असंच आपल्याला वाटतं. 'आजची साइट काही खास नव्हती' असं आपण वर येऊन सांगतोही. जागा होती तशीच असते. कमी झालेलं असतं ते आपलं कुतूहल. म्हणून मी सुटाच्या जाडीचा विचार आता ऊब म्हणून करत नाही. लक्ष किती वेळ टिकवायचंय, त्याचा हिशोब करते.

या सुटाचा जन्मही एका मोठ्या मजेशीर कल्पनेतून झाला. पाण्यात गरम राहायचं तर कोरडं राहिलं पाहिजे, अशी १९५० पर्यंत सगळ्यांची समजूत होती. रबराचे हवाबंद सूट होते ते त्यासाठीच. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर, जे महायुद्धात अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पावर होते, त्यांनी १९५१च्या सुमारास उलटा विचार केला. माणूस ओला झाला तर होऊ दे. कपड्याच्या पोटातच वायूचे बारीक बुडबुडे बंद करून ठेवले तर ते उष्णतेला अडवतील, मग कातडी ओली की कोरडी याला महत्त्व उरत नाही. त्यासाठी निओप्रीनचा फेस वापरावा, ही सूचना त्यांचे सहकारी विलर्ड बॅस्कम यांची. निओप्रीन हे कृत्रिम रबर ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत १९३० मध्येच तयार झालं होतं. या कल्पनेचं पेटंट ब्रॅडनरच्या नावावर झालं नाही. पुढं त्यावर धंदे दुसऱ्यांनीच उभे केले.

सूट आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा थर अडकतो, तो अंगाच्या उष्णतेनं तापतो आणि आपल्याला गरम ठेवतो, असं अजूनही पुष्कळ शिक्षक पहिल्याच दिवशी सांगतात. ऐकायला छान आहे. पण ऊब राखतात ते निओप्रीनमधले बुडबुडे. आत आलेलं पाणी हा नाइलाज आहे; ते जितकं कमी येईल आणि आलेलं जितकं जागच्या जागी राहील तितकं बरं. म्हणूनच ढगळ ५ मिलिमीटरपेक्षा अंगासरशी बसणारा ३ मिलिमीटर कधीही चांगला. भाड्याच्या सुटांमध्ये गोम इथंच असते. ते कापलेले असतात दुसऱ्याच कुणाच्या तरी बांध्यावर. माझ्या पाठीच्या कण्यापाशी त्यांत एक पन्हळ तयार होते, आणि दर वेळी मान वळवली की मानेपाशी गार पाण्याचा एक घोट आत शिरून थेट कमरेपर्यंत जातो. शिवाय हंगामभर शेकडो लोकांनी घातलेलं, रोज दाबलं गेलेलं, उन्हात वाळलेलं निओप्रीन आतून बसकं होतं. लेबलवर ३ लिहिलेलं असतं, पण ते आकडे सूट नवा असतानाचे. अंगठा आणि तर्जनीत धरून चिमटून पाहिलं की खरं काय ते कळतं.

बरं, मग सरळ जाडच घ्यावा, विषय संपला? तसंही नाही. बुडबुडे म्हणजे वायू, आणि वायू दाबला जातो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट, ३० मीटरवर चौपट. डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल जागेवर तळाशी पोचेपर्यंत ५ मिलिमीटरचा सूट निम्म्याच्या आसपास आलेला असतो, म्हणजे जिथं त्याची गरज जास्त तिथंच तो पातळ. आणि बुडबुडे आकसले की त्यांचा तरंगवण्याचा जोरही जातो. वर पाण्यात बुडावं म्हणून कमरेला शिसं बांधलेलं असतं, सूट जितका जाड तितकं जास्त, ३ वरून ५ वर गेलं तरी एखाद-दोन किलो वाढतं. तेच शिसं खाली गेल्यावर दगड होतं. मग बीसीडीत, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या फुगत्या जाकिटात, हवा भरा. परत येताना उलटा खेळ. सिलिंडरमधली दोनेक किलो हवा श्वासातून संपलेली, सूट पुन्हा फुगू लागलेला, आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायचं तर शरीर बुचासारखं वर पळू बघतं. नव्या माणसाला जाड सुटात हा तोल जमत नाही, आणि तोल सावरण्यासाठी हातपाय मारण्यात तो जेवढी हवा घालवतो तेवढी थंडीनंही गेली नसती. वर डुंगीत पोचेपर्यंत अंदमानच्या उन्हात, काळ्या ५ मिलिमीटरमध्ये, घामानं निथळायचं ते वेगळंच. शहाणी माणसं म्हणून सूट कमरेपर्यंतच चढवून ठेवतात, बाह्या पोटाशी गाठ मारून.

एक जरा गंभीर गोष्टही इथंच सांगून टाकते. अमेरिकी नौदलाच्या प्रायोगिक डायव्हिंग केंद्रानं २००७ मध्ये एक अहवाल काढला. डाइव्हरना कृत्रिम दाबाखाली ठेवून त्यांनी पाहिलं की तळाशी असताना उबदार आणि वर येताना गार, किंवा तळाशी गार आणि येताना उबदार, यानं बेंड्सचा, म्हणजे रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा धोका किती बदलतो. बदलतो, आणि फार बदलतो. उबदार शरीरात रक्त हातापायांत, कातडीत मोकळं फिरतं आणि नायट्रोजन मुरवून घेतं. नंतर गारठलं की त्याच वाटा आखडतात आणि मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला रस्ता उरत नाही. तळाशी उबदार आणि येताना गार, हा सगळ्यांत वाईट क्रम निघाला. ते प्रयोग लांबलचक डिकंप्रेशनच्या, म्हणजे थांबे घेत सावकाश वर येण्याच्या, डाइव्हचे होते, आपल्या पाऊण तासाच्या सफरीला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण त्या प्रयोगात 'उबदार' पाणी होतं ३६ अंशांचं, आणि 'गार' पाणी होतं २७ अंशांचं. नौदलानं ज्याला गार म्हटलं, त्यात आपण सुट्टीला शॉर्टी घालून उतरतो.

सूट नव्हते तेव्हा लोक काय करत, याचं उत्तर कोरियाच्या जेजू बेटावर आहे. तिथल्या हेन्यो, म्हणजे श्वास रोखून समुद्राच्या तळावरून शंखशिंपले आणि शेवाळ काढणाऱ्या बायका, विसाव्या शतकाच्या सत्तरच्या दशकापर्यंत सुती कपड्यांत हिवाळ्यातल्या पाण्यात उतरत. सुक की हाँग या शरीरशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठच्या दशकात कोरियातल्या अशा बायकांच्या शरीराची मोजमापं घेतली. हिवाळ्यात या बायकांचं शरीर विश्रांतीतही जास्त उष्णता तयार करायला शिकलं होतं, आणि बुड्या न मारणाऱ्या इतर बायकांपेक्षा त्या बऱ्याच गार पाण्यापर्यंत न थरथरता राहू शकत होत्या. मग वेटसूट आले. ज्यांना थोडक्या वेळात बाहेर येऊन शेकोटीशी बसावं लागे, त्या बायका आता तासनतास पाण्यात राहू लागल्या. पुन्हा मोजमापं घेतली तेव्हा दिसलं की शरीरानं कमावलेली ती हुशारी काही वर्षांतच ओसरून गेली होती.

ही हकीकत सांगताना लोक हळहळतात. मला तशी हळहळ वाटत नाही. शरीराचं ते कौशल्य त्यांनी हौसेनं कमावलेलं नव्हतं. पोटासाठी गारठून ते अंगी आलं होतं, आणि गारठण्याची गरज संपली तसं गेलं. हेन्योंची संस्कृती २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, ती निओप्रीन घातलेल्या आज्यांसकट. सुती कपड्यातल्या फोटोंचं कौतुक आपल्याला. त्यांच्यापैकी कुणी पुन्हा सुती कपडे घालायला तयार होईल असं मला वाटत नाही.

पोटासाठी दिवसभर पाण्यात राहणं आपल्याकडे मालवणलाही दिसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना स्कूबासाठी नेणारी स्थानिक पोरं जानेवारीत सकाळपासून पाण्यात असतात. पर्यटक येतो, मास्क लावतो, पोराच्या हाताला धरून थोडा वेळ खाली जातो, फोटो काढून घेतो आणि वर येतो. पोरगा तिथंच, पुढच्या पर्यटकासाठी. पाण्यात असेपर्यंत एक वेळ बरं. होडीवर चढून ओल्या सुटात सकाळचा वारा अंगावर घेणं जास्त वाईट, कारण सुटातलं पाणी वाळताना आणखी उष्णता घेऊन जातं. त्यातल्या एकाला मी विचारलं, बाबा रे, एवढा जाड सूट कशाला? तो हसून म्हणाला, "काकी, तुमी येक बुडी मारतलास नि जातलास. आमका दिसभर पाण्यात रवाचा आसता." तक्त्यापेक्षा हे मला जास्त उपयोगी पडलं.

अंदमानच्या समुद्राचं आणखी एक वैशिष्ट्य आहे, ज्यानं माझे सगळे हिशोब चुकवले आहेत. खोलावर उतरताना मध्येच पाणी काचेच्या वितळत्या थरासारखं थरथरताना दिसतं. त्यातून खाली गेलं की चेहऱ्याच्या उघड्या भागावर गार हात फिरल्यासारखं होतं आणि कॉम्प्युटर २८ वरून २५ वर येतो. हा थर्मोक्लाइन. तो खालीवर सरकत राहतो, कारण अंदमानच्या समुद्रात पृष्ठभागाखालून प्रचंड लाटा जातात. वरच्या उबदार आणि खालच्या गार पाण्याच्या सीमेवर उठणाऱ्या या लाटांची मोजणी ऑस्बोर्न आणि बर्च यांनी १९८० साली 'सायन्स'मध्ये छापली. त्यातल्या काहींची उंची ६० मीटरहून जास्त होती. वरच्या पाण्यावर त्यांची खूण म्हणजे फक्त खळबळणाऱ्या पाण्याचा एक पट्टा. पलीकडे थायलंडच्या सिमिलान बेटांवर या लाटा गार पाणी थेट प्रवाळांवर आणून टाकतात, काही मिनिटांत पाच-सहा अंशांनी पाणी उतरतं, आणि सुट्टीवर आलेले डाइव्हर शिव्या घालत वर येतात.

प्रवाळांना मात्र तो गारवा जिवाभावाचा आहे. त्यांची सहनशक्ती आपल्यापेक्षा फार अरुंद. नेहमीच्या उन्हाळ्यातल्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की ती आपल्या पेशींत सांभाळलेली, त्यांना अन्न पुरवणारी शैवालं बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. २०१० च्या उन्हाळ्यात अंदमानात हे मोठ्या प्रमाणावर झालं. त्याच वर्षी सिमिलानच्या ज्या अंगाला खालच्या गार लाटांचा मारा बसतो, तिथली प्रवाळं कमी पांढरी पडली, असं अभ्यासकांना आढळलं. तेव्हापासून थर्मोक्लाइन लागला की मी कुरकुरत नाही, निदान मोठ्यानं नाही. ज्या एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३१ अंशांच्या पुढं जातं आणि सगळे म्हणतात, वा, आज तर सुटाचीही गरज नाही, त्या दिवसांत मला खाली बघवत नाही.

माझं स्वतःचं म्हणाल तर गाडी ३ मिलिमीटरच्या फुल सुटावर आणि आत टोपीवाल्या पातळ जाकिटावर येऊन थांबली आहे. सूट स्वतःच्या मापाचा शिवून घेतलेला. डोक्यातून शरीराची निम्मी उष्णता जाते असं सांगतात, ते काही खरं नाही. डोकं आपल्या क्षेत्रफळाच्या वाट्याएवढीच घालवतं. पण बाकीचं अंग झाकल्यावर उघडं उरतं ते डोकंच, त्यामुळं तिथली टोपी फार कामाची ठरते. दोन डाइव्हच्या मध्ये सूट पूर्ण उतरवायचा, कोरडा शर्ट घालायचा, वाऱ्याकडे पाठ करून गरम चहा घ्यायचा. तिसरी डाइव्ह मी बहुधा घेत नाही. घेतली तर जाकिटावर आणखी एक जाकीट.

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती हॅवलॉकला ओपन वॉटर, म्हणजे नवशिक्यांचा डाइव्हिंग कोर्स करायला निघाली होती. "मावशी, ३ की ५?" मी तिला ५ घे म्हणून सांगितलं. ती बिचकली, "अगं पण पाणी तर गरम आहे ना तिथं?" गरम आहेच. पण कोर्समध्ये पोहणं कमी आणि वाळूवर गुडघे टेकून बसणं जास्त. मास्क काढायचा, घालायचा, रेग्युलेटर शोधायचा, हे एकेकानं शिक्षकासमोर करून दाखवायचं, आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत हात बांधून बघत राहायचं. तिच्या बॅचला सहा जण होते. शेवटी तिला तिच्या मापात ५ मिळालाच नाही. दोन ३ मिलिमीटरचे शॉर्टी एकावर एक चढवून तिनं कोर्स पुरा केला, आणि फोटोत ती फार विनोदी दिसते.